पाटीवरचं नाव

दौंड-मनमाड मार्गावरून येणारा नवखा माणूस आमच्याकडे हमखास गोंधळतो. स्टेशनवरची पाटी ‘बेलापूर’ सांगते आणि बाहेर पडलं की गाव लागतं श्रीरामपूर. खरं बेलापूर तिथून काही किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठी आहे. नदीच्या दोन अंगांना बुद्रुक आणि खुर्द अशी गावाची वाटणी झालेली. रेल्वे आली तेव्हा या टापूतलं नावाजलेलं गाव हेच, म्हणून स्टेशनाला नाव आमचं मिळालं. स्टेशनाभोवती वस्ती वाढत गेली, तिला लोक बेलापूर रोड म्हणू लागले आणि पुढे तिचं श्रीरामपूर झालं. साखरेचंही तसंच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे ऊस आला, खासगी साखर कारखाना उभा राहिला. कंपनीचं नाव ‘बेलापूर कंपनी’, पण कारखाना हरेगावला. एका गावाचं नाव असं दोन परक्या पाट्यांवर गेलं.

याच हरेगावात २५ डिसेंबर १९३२ रोजी प्रभाकर जोग यांचा जन्म झाला. सगळ्या महाराष्ट्राला ते ‘गाणाऱ्या व्हायोलिन’चे जोग म्हणून माहीत आहेत. हरेगाव म्हटलं की लोकांना सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा आठवते, कारखान्याचं धुराडं आठवतं. जोग फार थोड्यांना आठवतात. मोठा पुरस्कार मिळाल्यावर कलावंताच्या आयुष्याचं नेमकं काय होतं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला मी जोगांपासून निघतो, कारण त्यांना राज्याचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला तो २०१५ सालचा. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलेलं होतं, आणि हातात व्हायोलिन घेऊन सत्तरएक वर्षं झाली होती.

सत्तर वर्षं हा आकडा उगाच फुगवलेला नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून जोग पुण्यातल्या वाड्यांमध्ये व्हायोलिन वाजवत होते. बिदागी असायची सव्वा रुपया आणि नारळ. गाण्याचं शिक्षण त्यांना गजाननबुवा जोशी यांच्याकडून मिळालं. गजाननबुवा स्वतः गायक आणि व्हायोलिनवादक असे दोन्ही, त्यामुळे वाद्यातून गळा कसा काढायचा हे त्या घराण्यात मुरलेलंच होतं.

व्हायोलिन ‘गातं’ म्हणजे काय करतं, हे एकदा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला नसतात. बोट तारेवरून सरकवलं की स्वर मध्ये न तुटता एका जागेवरून दुसरीकडे जातो, म्हणून मींड थेट गळ्यासारखी येते. एवढं बहुतेक चांगल्या वादकांना साधतं. अवघड असतात ते शब्द. गाताना अक्षर बदलतं तिथे आवाजाला बारीकसा धक्का बसतो. वादकाला गज नेमका तिथे वळवावा लागतो. आकार लांबवायचा असेल तर तो एकाच गजात पेलायचा. गायक जिथे दम घेतो तिथे गज तारेवरून अलगद उचलायचा. गाण्याचे शब्द ऐकणाऱ्याला पाठ असतातच. गजाने अक्षरांच्या जागा तेवढ्या बरोबर दाखवल्या की उरलेलं काम कान आपोआप करतो, आणि माणसाला वाटतं, व्हायोलिन बोललं. हे जमायला वादकाला गाणं गायकाइतकंच यावं लागतं. दम कुठे घ्यायचा तेसुद्धा.

ही तयारी घेऊन जोग सुधीर फडके यांच्याकडे आले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गीतं. त्या गीतांमागचं व्हायोलिन जोगांचं. पुढे गीतरामायणाच्या शेकडो कार्यक्रमांना त्यांनी साथ केली, फडक्यांचे सहायक म्हणून काम पाहिलं, मराठी-हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवलं, वाद्यमेळाची रचना केली. स्वतंत्र संगीतकार म्हणूनही ते मोठे. मालती पांडे यांनी गायलेलं ‘लपविलास तू हिरवा चाफा’ त्यांच्या चालीचं आहे. ‘जावई विकत घेणे आहे’ या चित्रपटाचं संगीत त्यांचंच. ‘स्वर आले दुरुनी’ हे गाणं तर माझ्या फार जवळचं, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. शब्द यशवंत देवांचे, चाल जोगांची, आवाज सुधीर फडक्यांचा. तिघेही मुळात संगीतकार. त्या एका गाण्यात एकाने लेखणी धरली, दुसऱ्याने गळा दिला आणि चालीची जागा जोगांना मिळाली. पुढे या तिघांनाही लता मंगेशकर पुरस्कार मिळाला.

आमच्या घरी रेडिओवर हे गाणं लागायचं तेव्हा निवेदिका तीन नावं सांगायची: कवी, संगीतकार, गायक. तीनच. आकाशवाणीची ती रीत होती, आणि तीन नावं सांगते म्हणून मला ती उदार वाटायची. पुढे बऱ्याच खासगी वाहिन्यांनी तीही सोडली. पण दोन कडव्यांच्या मधली जागा भरून काढणारं व्हायोलिन कुणाचं, बासरी कुणाची, तबला कुणाचा, हे त्या निवेदनात बसत नव्हतं. जोगांनी वाजवलेली कितीतरी गाणी दुसऱ्यांच्या चालीची आहेत. ती आपण आयुष्यभर ऐकली आणि त्यांचं नाव कधी ऐकलं नाही.

पुरस्काराच्या बाबतीतही हीच अडचण आहे. पुरस्काराला आधी खाना लागतो. कामाचा खाना यादीत नसेल तर काम कितीही मोठं असो, ते दिसत नाही. खुद्द लता मंगेशकरांना हे भोगावं लागलं आहे. ‘चोरी चोरी’ या चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं, तेव्हा समारंभात ‘रसिक बलमा’ गावं अशी त्यांनी लताबाईंना विनंती केली. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला, गायिकेसाठी पुरस्कारच नाही, मग मी का गाऊ, असा त्यांचा सरळ सवाल होता. त्यानंतर पार्श्वगायनाचा खाना तयार झाला आणि त्यातला पहिला मान ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी लताबाईंनाच मिळाला. स्वतःचं स्थान इतकं पक्कं होतं म्हणून त्या अडून बसू शकल्या. साथीच्या वादकाने असं अडून बसायचं ठरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा वादक दिसला असता. अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्कारांत वाद्यमेळाची रचना करणाऱ्यासाठी पहिल्या वर्षापासून, म्हणजे १९५९ पासून, वेगळा पुरस्कार आहे. आपल्याकडे हे काम करणाऱ्यांची पिढीच्या पिढी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘सहायक’ या एका शब्दात मावली.

म्हणून जोगांना मिळालेल्या पुरस्काराचा अर्थ मला पैशांपेक्षा वेगळा वाटतो. माणिक वर्मा, श्रीनिवास खळे, सुधीर फडके यांच्या ओळीत त्यांचं नाव आलं. ज्यांच्या मागे बसून उभं आयुष्य साथ केली त्यांच्याच शेजारी त्यांना जागा मिळाली. पण त्या वयात आयुष्य काय बदलणार? नव्या चाली मागायला येणारे निर्माते त्या वयात येत नसतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बारा-बारा तास बसण्याची पाठीची ताकदही गेलेली असते. उशिरा आलेला पुरस्कार पुढचं आयुष्य फारसं बदलत नाही. तो मागचं आयुष्य बदलतो. लोक मागे वळून पाहतात. ‘अरे, त्या गाण्यातलं ते व्हायोलिन यांचं होतं होय’ असं म्हणत जुनी गाणी पुन्हा लावतात. वादकाला स्वतःलाही आपल्या साठ-सत्तर वर्षांकडे पाहताना ते श्रम वाया गेले नाहीत असं म्हणायला आधार मिळतो. ही गोष्ट लहान नाही. मी कलावंतांच्या घरांतून जेवढा वावरलो आहे त्यावरून सांगतो, म्हातारपणी माणसाला औषधाइतकीच तिची गरज असते.

आता याची उलटी बाजू. ऐन उमेदीत पुरस्कार मिळाला तर? याचा चांगला अभ्यास झालेला आहे. जाकोमो नेग्रो, बालाझ कोवाच आणि ग्लेन कॅरोल या तीन संशोधकांनी १९५९ ते २०१८ या काळातल्या ग्रॅमी पुरस्कारांचा आणि त्या कलावंतांच्या नंतरच्या संगीताचा हिशेब मांडला. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाण्याची लय, ठेवण, वाद्यांचा पोत अशा मोजता येतील त्या गुणांवरून त्यांनी पाहिलं की पुरस्कारानंतरचे अल्बम इतरांच्या अल्बमांपेक्षा किती वेगळे आहेत. त्यांना आढळलं ते असं: ज्यांना पुरस्कार मिळाला ते पुढे जास्त वेगळं, जास्त स्वतःचं संगीत करू लागले. ज्यांचं नुसतं नामांकन झालं आणि पुरस्कार हुकला, ते मात्र हळूहळू चारचौघांसारखं करू लागले.

पहिला भाग समजायला सोपा आहे. पुरस्कार हातात असला की कंपनी, निर्माता, वाद्यवृंद, सगळ्यांशी बोलताना कलावंताचं पारडं जड होतं. ‘हे चालणार नाही’ म्हणणाऱ्याला ‘करून तर बघू’ असं सांगायची सोय होते. दुसरा भाग मला जास्त बोचतो. हुकलेला माणूस बहुधा असं समजतो की आपण थोडे जास्तच वेगळे होतो, म्हणून राहिलो. तो जिंकलेल्यांकडे पाहून स्वतःला घासूनपुसून घेतो, आणि जे त्याचं स्वतःचं होतं तेच आधी घासलं जातं. दर वर्षी एका नावाची घोषणा होते तेव्हा चार नावं अशी माघारी जातात. त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे उमेदीतल्या पुरस्काराचं उदाहरण द्यायचं तर अजय-अतुल गोगावले. जुन्नर, शिरूर अशा गावांत लहानपण गेलेले हे दोघे भाऊ. ‘जोगवा’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ते लोकप्रिय होतेच. पण त्यानंतर काही वर्षांनी ‘सैराट’ आला. नगर-सोलापूरच्या उसाच्या आणि केळीच्या रानात घडावी अशी ती गोष्ट, आणि तिच्या संगीतासाठी त्यांनी अमेरिकेत हॉलिवूडला जाऊन तिथल्या सिंफनी वादकांकडून वाजवून घेतलं. पुरस्कार नसता तर हे झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. यशस्वी गाण्यांची रांग त्यांच्या पाठीशी होती. तरीही मराठी चित्रपटाच्या खर्चात एवढी मागणी ठेवायला आणि ती मान्य व्हायला वजन लागतं. त्या वजनात पुरस्काराचा वाटा असतो.

इथवर असं वाटेल की सगळा प्रश्न वेळेचा आहे. लवकर मिळाला तर मोकळीक, उशिरा मिळाला तर समाधान. मलाही बरीच वर्षं तसं वाटत होतं. ते खोटं ठरवलं विठाबाई नारायणगावकरांनी.

विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं १९५७ मध्ये. त्यांचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. म्हणजे तेव्हा त्या बाविशीच्या आसपास होत्या. याहून लवकर काय मिळायचं? आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड, वडील आणि चुलते यांची भाऊ-बापूंची जोडी, आणि त्यात लहानपणापासून घुंगरू बांधलेली ही मुलगी. लावणीवर पकड, वगात कुठलीही भूमिका पेलायची ताकद आणि कनातीच्या पार टोकाला बसलेल्या माणसापर्यंत विनासायास पोचणारा आवाज. १९९० मध्ये त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. एकाच बाईला देशाने दोनदा गौरवलं.

आणि या दोन तारखांच्या मधलं आयुष्य पाहा. एका गावात तमाशा रंगात आला असताना पूर्ण दिवस भरलेल्या विठाबाईंना कळा सुरू झाल्या. त्या रंगमंचामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा रंगमंचावर जायला निघाल्या, ही हकिगत महाराष्ट्रभर सांगितली जाते. सांगणारा ती बहुधा शौर्याची गोष्ट म्हणून सांगतो. मी ती ऐकतो तेव्हा मला तिकीटबारी दिसते. तिकिटं विकली गेली आहेत, फडातली शंभरेक माणसं त्या रात्रीच्या गल्ल्यावर अवलंबून आहेत, आणि खेळ मोडला तर लोक कनात फाडतील ही भीती आहे. राष्ट्रपती पदक असलेल्या बाईला त्या रात्री बाळंतपणाची रजा नव्हती.

असं का झालं, तर पदक मिळालं ते विठाबाईंना. भूक होती ती फडाची. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा हंगाम, त्यात गावोगावच्या जत्रा. ट्रक, तंबू, कनाती, ढोलकीवाले, नाचणाऱ्या मुली, सोंगाडे, आचारी, तंबू ठोकणारे गडी. या सगळ्यांना हंगामाआधी उचल द्यायची, ती सावकाराकडून आणायची, आणि पाऊस अवकाळी आला किंवा गावात भांडण झालं तर ती अंगावर घ्यायची. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तिथे सुपारी द्यायला येतात. पाटीवर ‘राष्ट्रपती पदक विजेत्या’ ही अक्षरं असली की पंच थांबतात, विचारपूस करतात, सुपारीचा आकडा थोडा वर जातो. पदकाचा बाजारातला उपयोग तेवढाच. चित्रपटगायकाला गाजलेल्या गाण्याच्या जोरावर पुढचं काम मिळत राहतं. ग्रॅमी मिळालेल्याचा जुना अल्बमसुद्धा पुन्हा खपतो. तमाशातली कला त्या रात्री घडते आणि पहाटे तंबूबरोबर गुंडाळली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरुवात. नावाला राहायला घर नसलं की मोठं नावही रस्त्यावर येतं.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. शेवटची वर्षं हलाखीत गेली होती. रुग्णालयाचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं. चार वर्षांनी, २००६ मध्ये, राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याची रक्कम अनेक वर्षं ५ लाख रुपये होती. सुरुवातीच्या मानकऱ्यांत आमच्याच प्रवरेच्या काठावरच्या, वर संगमनेरला राहणाऱ्या कांताबाई सातारकर होत्या. पुढे विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. आईच्या हयातीत जे पैसे तिला मिळाले नाहीत ते तिच्या नावाने लेकीला मिळाले. मला यात दुःखही दिसतं आणि न्यायाची सुरुवातही दिसते, आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा त्याआधीची. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. पठ्ठे बापूरावांबरोबर तिने महाराष्ट्र गाजवला. १९३९ मध्ये ती वारली. तेव्हा सरकारी पुरस्कार नव्हतेच. लोकांनी तिला ‘नामचंद पवळा’ म्हटलं, एवढंच तिचं पदक.

पुरस्कारामुळे आयुष्य वाढतं, असाही एक समज आहे. २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ऑस्कर मिळालेले नट-नट्या आणि न मिळालेले यांची तुलना करून, जिंकलेले जवळपास चार वर्षं जास्त जगतात असं मांडलं. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पाच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तोच हिशेब पुन्हा तपासला तेव्हा त्यातली चूक सापडली. पुरस्कार मिळेपर्यंत माणूस जगलेला असावाच लागतो. ती वर्षं पुरस्काराच्या खात्यावर जमा धरली की आकडा फुगतो. ती दुरुस्ती केल्यावर फरक जवळजवळ विरून गेला. मला या चुकीतून आपल्याकडची खरी गोष्ट दिसते. आपल्याकडे पुरस्काराने आयुष्य वाढत नाही, आयुष्य वाढलं तर पुरस्कार मिळतो. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये. जन्म १९१५ चा. नव्वदी ओलांडून त्या राष्ट्रपती भवनात पोचल्या, आणि नंतरही काही वर्षं वाईत राहून, शंभरी पार करून २०१८ मध्ये गेल्या. सत्तराव्या वर्षी त्या गेल्या असत्या तर? जोग सत्तराव्या वर्षी गेले असते तर? त्यांच्याइतक्याच तयारीचे, पण कमी जगलेले किती असतील, याची यादी कुठल्याच खात्याकडे नाही.

पद्मश्रीबरोबर रोख रक्कम येत नाही; सनद आणि पदक येतं. नावाच्या आधी किंवा नंतर ती उपाधी म्हणून लावायलाही मनाई आहे. तरीही लोककलावंताच्या घरात त्या कागदाचा एक उपयोग असतो, आणि तो मुंबई-पुण्याच्या गायकांना सहसा ठाऊक नसतो. राज्यात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे. अनेक वर्षं त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीच्या कलावंतांना अ, ब, क अशा तीन श्रेणी होत्या. २०२४ मध्ये श्रेणी जाऊन सरसकट महिना ५ हजार रुपये झाले. त्या अर्जाला पुरावे जोडावे लागतात: कार्यक्रमांच्या पत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं, प्रमाणपत्रं. ज्याने चाळीस वर्षं जत्रांत ढोलकी वाजवली त्याच्याकडे यातलं काय असणार? पावसात भिजलेलं एखादं हँडबिल, त्यावर फडमालकाचं नाव आणि खाली ‘व इतर कलाकार’. अशा माणसाला एखाद्या लहानशा संस्थेने दिलेलं सन्मानपत्रसुद्धा दरमहाच्या भाकरीला धरून असतं. ज्यांना आपण छोटे पुरस्कार म्हणतो ते इथे मोठे ठरतात.

जोग ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात गेले. हरेगावात त्यांच्या नावाची पाटी असावी, निदान श्रीरामपूरच्या एखाद्या सभागृहाला त्यांचं नाव असावं, असं मला मनापासून वाटतं. जी मुलं आज इथे कीबोर्ड आणि ऑर्गन शिकायला जातात त्यांना कळायला हवं की ज्या व्हायोलिनने गीतरामायण ऐकणाऱ्यांचे डोळे ओले केले त्याचा धनी याच मातीत, कारखान्याच्या वसाहतीच्या गावात जन्मला.

साथीदाराचं नाव लिहायची एक पद्धत मात्र आमच्याकडे फार जुनी आहे. हरिनाम सप्ताहाची पत्रिका. वर कीर्तनकारांचे फोटो, वारांप्रमाणे त्यांची नावं, आणि खाली बारीक टायपात गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियम, विणेकरी, चोपदार, टाळकरी. मंडपवाला आणि आचारीसुद्धा. एका वर्षी पत्रिका छापून आली त्या दिवशी मी देवळातच होतो. आमच्या मंडळातले पखवाज वाजवणारे बाबा संध्याकाळी आले. ऐंशीला टेकलेले, हात अजून थापेला पक्का. त्यांनी पत्रिका मागून घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट वरून खाली सरकवत आणलं. बोट एका ओळीवर थांबलं. नाव बरोबर आहे का, आडनावाचा काना चुकला नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग पत्रिकेची चौघडी केली, पखवाजाच्या गवसणीच्या आतल्या खिशात सारली, आणि भिजवलेली कणीक काढून डाव्या तोंडाला लावायला बसले. हरिपाठाला वेळ झाली होती.